राबावरची अकरा पुस्तकं

"मांड," तात्यासाहेब म्हणाले. "नीट ओळीनं मांड. यंदा पाला कमी पडलाय. कागद चांगला जळतो."

ते बांधावर आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. पायांत करकरीत वहाणा, मांडीवर पानाचा डबा. त्यांचा कारभारी सदू लांब बांबू घेऊन शेजारी उभा. समोर राब रचलेला. आणि राबाच्या कडेला मी. हातात फडक्यात बांधलेली माझी अकरा पुस्तकं. आठच दिवसांमागं मी मॅट्रिक पास झालो होतो. आमच्या महारवाड्यातला पहिला.

मी गाठ सोडली. बीजगणित काढलं. पाल्यावर ठेवलं.

हो, ठेवलं. माझ्या हातानं. कुणी माझं मनगट धरलं नव्हतं.

पोरांनो, तुम्ही तिघं यंदा मॅट्रिक झालात म्हणून गुरुजींनी मला इथं उभं केलंय. म्हणाले, पोरं आता जगात निघाली, चार शब्द उपदेशाचे बोला. मी आणि उपदेश! खालापूरला रस्त्याच्या खडीवर दगड फोडणारा माणूस मी. पण तुम्ही मला वाघ म्हणता. दादानं मालकाचा हात राबात घातला, असं गावोगाव सांगत फिरता. घातला, खोटं नाही. पण त्याच्याआधी दादानं काय केलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. बा गेला. आय त्या दिवसाबद्दल तोंड उघडत नाही. आणि माझी बहीण चिंधी, ही समोर बसलीय, ती मला सांभाळून घेते. तुम्ही ज्या भूमितीच्या पुस्तकावर शिकलात त्याचा कोपरा करपलेला आहे. कसा करपला म्हणून विचारलंत, तेव्हा मी म्हणालो, मालकानं जाळला. खोटं बोललो. मी जाळला.

धोंडू, तू पुढं ये. भिंतीला पाठ लावून लपू नको. तुला तात्यासाहेबांकडनं निरोप आलाय, मला कळलंय. 'चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यावर सही देतो, परवा शेतावर ये, आणि येताना पुस्तकं घेऊन ये.' तीच पुस्तकं. शेवटची दोन वर्षं ती तुझ्याकडं आहेत. म्हणून आज हे सगळं बोलतोय. बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकावं.

राब म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण इथं कर्जत बाजारातली दोन-चार माणसं बसलीत, त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप करायच्या आधी जमीन भाजून घेतात. खाली शेण, वर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर गवत, पाला, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. वारा जिकडं जातो त्या टोकाला पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर येत हळूहळू सरकते. भडका होत नाही. वरची माती गार दिसते, हात लावावासा वाटतो, आणि आत निखारा चालत असतो. आमच्याकडं मालकाचा राब भाजून झाल्याशिवाय कुळानं आपला भाजायचा नाही, अशी रीत. त्या वर्षी जंगलवाल्यांनी फांद्या तोडू दिल्या नाहीत. मृग आठ दिवसांवर आला तरी मालकाचा एक तुकडा राहिलेला, आणि त्याच्यापायी आमचा.

तेव्हा लढाई चालू होती. वह्या नाहीत, पुस्तकं नाहीत, दुकानदार हात हलवायचे. माझी अकरा पुस्तकं ठिकठिकाणची. दोन रद्दीतली. तीन नेरळच्या एका नापास झालेल्या मुलाची, त्याच्या घरी आठवडाभर लाकडं फोडून मिळालेली. एक मास्तरांनी दिलेलं. भूमितीची मधली पानं नव्हती, ती मी दुसऱ्याचं बघून हातानं लिहून शिवली होती. मी परीक्षा देऊन आलो त्याच दिवशी महारवाड्यातल्या पोरांनी ठरवून टाकलं, दादानंतर कोण, त्याच्यानंतर कोण. रांगेत चिंधीचा नंबर शेवटचा होता. नऊ वर्षांची, मराठी तिसरीत. पण पुस्तकं राखायचं काम तिनं घेतलं. रोज फडकं सोडायची, मोजायची, पुन्हा बांधायची. कुणी चिंचेच्या हातानं शिवलं तर अंगावर धावायची.

भिवपुरीच्या वीजघरात एक कारकुनाची जागा होती. मास्तरांनी माझा अर्ज लिहून दिला. पण लढाईचे दिवस, वीजघरात कुणालाही घेत नव्हते. गावच्या प्रतिष्ठित माणसाचा वर्तणुकीचा दाखला पाहिजे. गावात प्रतिष्ठित माणूस एकच. जमीन त्यांची, विहीर त्यांची, आमच्या झोपड्या उभ्या होत्या ती जागाही त्यांचीच.

बा म्हणाला, "पास झालास, तर पाया पडाया जायाचं. नुसत्या हातानं नाय."

साखर मिळत नव्हती. आईनं गुळाचा खडा जपून ठेवला होता. ती पुटपुटली, "घरातल्या पोरांना चाटाया नाय, आन् तिकडं कशाला?" बा तिच्यावर ओरडला. मी तो गूळ पळसाच्या पानावर घेऊन गेलो आणि ओटीच्या खालच्या पायरीवर ठेवला. तिच्यावर आम्हाला चढायची मुभा नव्हती.

तात्यासाहेबांनी गुळाकडं बघितलं. "असू दे तिथं. गडी उचलून बैलाला घालील."

मी हसलो. काय करता? हसलो. सोळा-सतरा वर्षांचा होतो आणि मला सही पाहिजे होती.

मग उपदेश झाला. शब्दन् शब्द ध्यानात आहे माझ्या.

"शिकलास, उत्तम झालं. मी काही शिक्षणाच्या आड येणारा माणूस नाही. तुमच्यातला एखादा इंग्रजी वाचणारा मलाही हवाच. पण एखादा. एका विहिरीला एक रहाट पुरतो. सगळेच शिकले तर नांगर कोण धरणार? तू आत आलास ना, आता दाराला कडी घालायची. हे जगण्याचं शहाणपण तुला शाळेत शिकवलं नसेल, म्हणून मी शिकवतो. तुझी पुस्तकं मागच्या पोरांना द्यायची नाहीत. उद्या सकाळी शेतावर घेऊन ये. राबाला पाला कमी आहे. तुझ्या हातानं मांड, तुझ्या हातानं पेटव. तिथंच सही देतो."

नीट ऐका. ते मला हाकलत नव्हते. मला उचलून घेत होते. एकट्याला! शिवी दिली असती तर मी समजलो असतो. ही शिवी साखरेत घोळलेली होती, आणि मी ती अर्धी चघळलीसुद्धा.

घरी येऊन सांगितलं. बा म्हणाला, "कागदच हायत रं. नोकरी लागली म्हंजी दुसरी घेशील."

दुसरी मिळणार नव्हती. बाला ते ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. तरी मी मान डोलावली. पडत्या फळाची आज्ञा. मनात वीजघर दिसत होतं. पांढरा सदरा दिसत होता. पुस्तकांचं काय, माझं काम झालं होतं. गरज सरो, वैद्य मरो. अशी अवलाद मी. आता म्हणा वाघ.

चिंधी फडकं सोडेना. पोटाशी धरून कुडाला चिकटून बसली.

"दादा, माजा नंबर येवाचाय अजून," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडात मारली. हिसकून घेतलं. तिच्या ओठातनं रक्त आलं. तात्यासाहेबांनी नाही मारलं तिला, मी मारलं. लिहून ठेवा कुठं तरी.

तर ती सकाळ. बीजगणित ठेवलं. मग इतिहास. मग इंग्रजीची दोन. एकेक पुस्तक ठेवताना मी हिशेब करत होतो, कुठलं कमी लागेल, ते आधी ठेवू. जसं काय शेवटची वाचणारच होती! भूमितीला आलो तेव्हा हात थांबला. मी शिवलेली पानं होती ती. सदूनं बांबूच्या टोकानं पाठीत ढोसलं. भूमिती ठेवली.

वर माती टाकली. बा आणि आय बरोबर आली होती, बानं मदत केली. तो हळूहळू टाकत होता, मी भराभर.

सदूनं जळतं लाकूड जमिनीवर टाकलं. हातात देत नसत ना. मी उचललं. वाऱ्याचं बघितलं, पल्याडच्या टोकाला गेलो आणि पेटवलं. धूर निघाला. तात्यासाहेबांनी डब्यातनं टाक काढला, मांडीवर डबा धरून कागदावर सही केली आणि कागद बांधावरनं खाली सोडून दिला. "हे घे. आता माणसांत आलास."

कागद मातीत पडला. मी वाकलो, उचलला, फुंकर मारली, घडी घालून खिशात ठेवला. पोरांनो, दाखला माझ्या खिशात होता. काम फत्ते. तिथनं तडक निघालो असतो तर आज भिवपुरीला वीजघराच्या चाळीत पंख्याखाली बसलो असतो.

तेवढ्यात चिंधी आली.

बांधाच्या आडनं, खाली वाकून. पोर शेतकऱ्याच्या घरातली, राब दर साली बघितलेला. पेटवला पल्याडच्या टोकाला, पुस्तकं अल्याडच्या टोकाला, आग हळू चालते, वरची माती गार. तिनं विचार केला, वेळ आहे. पण पाला कमी होता, त्याच्या जागी सुकं गवत भरलेलं, आणि गवतातनं आग मातीखालनं केव्हाच धावली होती. वरनं काही कळत नव्हतं. तिनं गुडघे टेकले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

ती किंचाळली. असा आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. पण हात बाहेर काढले ते पुस्तक घेऊन. भूमिती. बांधावर फेकलं आणि पुन्हा हात घातले.

मी धावलो. सदू मधे आला. त्यानं बांबू आडवा धरला, मग तोच बांबू चिंधीच्या खांद्यावर टेकवून तिला ढकलायला लागला, बाहेर नाही, आत. मुद्दाम की चुकून, देवाला ठाऊक. आणि खुर्चीतनं तात्यासाहेब म्हणाले,

"राहू दे, राहू दे. हात भाजले की शाळा आपोआप सुटते."

शांतपणे म्हणाले. पान चघळत.

त्यानंतर काय झालं ते मी ठरवून केलं नाही. सदूचा बांबू माझ्या हातात आला आणि तो त्याच्या नाकावर बसला. हाड मोडल्याचं कळलं. मग मी बांबू टाकून दिला. मला बांबू नको होता. आयुष्यभर त्यांनी आम्हाला बांबूनं मारलं, काठीनं ढकललं, वरनं टाकलं, कारण हात लावला तर विटाळ. मी बांधावर चढलो आणि तात्यासाहेबांचं मनगट धरलं. उजवं. माझ्या ह्या हातानं. त्यांचं तोंड तेव्हा बघायला हवं होतं! अजून मी काही केलंही नव्हतं, नुसतं धरलं होतं, आणि माणसाचा चेहरा पांढरा पडला.

"शिवलास? मला शिवलास?"

"हां, शिवलो," मी म्हणालो. "आता माज्याबरोबर चला."

खुर्ची उलटली. पानाचा डबा गडगडला. मी त्यांना बांधावरनं खाली ओढलं, राबापर्यंत फरफटत आणलं आणि सही केलेला हात चिंधीनं फोडलेल्या त्याच भोकात घातला. दाबून धरला. ते ओरडले तसे माझ्या डोक्यातलं काही तरी मोकळं झालं. मी मनात मोजत होतो. पुस्तकांइतकं मोजायचं होतं. सातापर्यंत आलो, तेवढ्यात बानं मागनं माझी मान धरून मला ओढलं.

हो, बानंच.

मी खिशातनं दाखला काढला आणि राबात टाकला. तो मात्र भडकून जळला. खरंच, कागद चांगला जळतो.

मग आय पुढं आली. तिनं कुदळ घेतली आणि मालकाचा राब आडवा फोडून काढला. माझ्याकडं बघितलंही नाही. चिंधीनं दोन काढली होती, आईनं आणखी पाच काढली. चार गेली. बीजगणित, इतिहास आणि इंग्रजीची दोन. मी पहिल्यांदा ठेवली होती तीच.

आणि तात्यासाहेब? हाताला फोड टरारलेले, कातडं लोंबतंय, आणि माणूस आधी विहिरीवर गेला. आंघोळीला! विटाळ धुवायला. मग ओले होऊन आले आणि गडी गोळा केले.

मला चिंचेला बांधलं. बारा-पंधरा जण होते. सगळे बांबू घेऊन, हात एकाचाही लागला नाही. डाव्या कानानं मला तेव्हापासून ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही बोलता तेव्हा मी मान वळवतो. दोन बरगड्या मोडल्या. शुद्ध हरपली की पाणी मारायचे, तेही लांबनं. संध्याकाळी पोलीस आले आणि मलाच घेऊन गेले. मी तुरुंगात असताना आमच्या झोपड्यांची छपरं ओढून काढली. माझ्या एकट्याची नाही, सगळ्या महारवाड्याची. मृग लागलेला. बायका पोरं भिजत नदीपल्याड गेली. जमीन गेली. सात घरांनी मला शिव्या घातल्या आणि त्यांचं चुकलं नाही.

बा त्याच पावसाळ्यात गेला. आय मला भेटायला आली तेव्हा तिनं त्याचं शेवटचं बोलणं सांगितलं. "येक सही घ्यायची व्हती. येवढंच काम व्हतं." मी तुम्हाला सांगू शकलो असतो की बाला शेवटी माझा अभिमान वाटला. नाही वाटला.

चिंधीच्या उजव्या हाताची चार बोटं एकमेकांना चिकटली. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. ती डाव्या हातानं लिहिते. अक्षर वाकडं येतं, मास्तर मार्क कापतात, ती लिहितेच. आता इंग्रजी दुसरीत आहे. तिनं मला त्या थपडीबद्दल कधी विचारलं नाही. मीच रोज विचारतो मला.

तर हा उपदेश. काय घ्यायचं ते घ्या. नोकरी करू नका असं मी म्हणत नाही. करा, सही लागली तर चार दारं ठोठवा, खाडाखोड करावी लागली तरी अर्ज पुन्हा लिहा. पण तुम्हाला कुणी लाथ मारील तेव्हा भिऊ नका, लाथ ओळखू येते. तुम्हाला कुणी एकट्याला उचलून घेईल, पाठ थोपटील, म्हणेल तू वेगळा, तू आमच्यातला, तेव्हा बघा त्यानं तुमच्या हातात काय दिलंय. माझ्या हातात जळतं लाकूड होतं आणि मला ते मानाचं वाटलं होतं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तात्यासाहेबांचा हात बरा झाला, सही जरा थरथरते एवढंच. आणि पाच वर्षांनी तेच शेत, तोच राब, तोच उपदेश. माणूस बदलला, धोंडू. आता तू.

तुमचा वाडा दुसऱ्या गावचा, पण जमीन तात्यासाहेबांचीच. तुझ्या बाचं कूळ जाईल, झोपडी जाईल, मला ठाऊक आहे. मी तुला खोटा धीर देत नाही. जाईलच. म्हणून मी तुला एकट्यानं ठरवायला सांगत नाही. माझ्या वेळी मी सात घरांना न विचारता आग लावली आणि न विचारता हात उचलला. दोन्ही एकट्यानं. ह्या वेळी तसं नाही. उद्या मी तुझ्या वाड्यात येतो, घराघरात बसतो, जे होईल ते आधी सांगतो. ज्याला यायचं तो येईल.

पुस्तकं आत्ता इथं ठेव. ह्या टेबलावर. सात मोजून. चिंधी उचलील. तिचा नंबर आलाय.

परवा आपण शेतावर जाऊ. तू मोकळ्या हातानं, मी मोकळ्या हातानं. ते विचारतील, पुस्तकं कुठंयत? तू सांगायचं, पुढं गेली. त्यांनी सही दिली तर घे. नाही दिली तर कागद परत घडी घाल आणि चल. आणि त्यांनी बांबूवाले बोलावले, तर तू माझ्या मागं उभा राहा.

राब त्या दिवशी पेटलेला असेल. कुणाला तरी त्यात जावं लागेल, असं वाटतंय. पुस्तक जाणार नाही. पोर जाणार नाही. मी जाईन, आणि एकटा जाणार नाही.